वॉरंटी तीन वर्षांची

फळ्याच्या जागी आता पॅनेल आहे.
उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या शाळेत
चौघांनी जिन्यावरून वर आणलं ते,
देव आणावा तसं, उभंच, न कलंडू देता.
बसवणारा पोरगा म्हणाला, बाई, वॉरंटी तीन वर्षांची.
म्हटलं, माझीपण तेवढीच राहिलीय.
त्याला कळलं नाही. शिपाई दगडूमामा तेवढे हसले.

आधीच सांगते, मला वस्तूंचं वावडं नाही.
पहिल्या पगारात मी आईला लुगडं घेतलं नव्हतं,
राजारामपुरीतून कॅल्क्युलेटर आणला होता, उन्हावर चालणारा,
आणि रात्री चाळीसच्या बल्बखाली धरून बघितला,
चालतो का.
आज हप्त्यावरच्या फोनमध्ये तसले दहा आहेत
आणि मी बेरीज बोटांच्या पेरांवर करते.

मे महिन्यात प्रशिक्षण झालं, पाच दिवसांचं.
तज्ज्ञ म्हणाले, शिक्षकानं शिकवायचं नसतं,
मूल आपलं ज्ञान आपण रचतं, आपण नुसते सुलभक.
चहाच्या वेळी मी विचारलं,
साठांतली दहा रचत असताना
उरलेल्या पन्नासांनी काय करायचं?
छान प्रश्न, म्हणाले,
आणि पुढची स्लाइड लावली.
त्या रात्री मात्र मला झोप आली नाही.
कारण माणूस खरं बोलत होता,
आणि तीस वर्षं मी एकटीच बोलत आले होते.

तर आता गटकार्य.
फरशीवर ऑइलपेंटची वर्तुळं,
फोटो लिंकवर, बारा वाजायच्या आत.
"बाई, हनुवटीला हात लावू?" आफ्रीन बागवान विचारते.
लाव गं.
फोटो झकास येतो. भागाकार राहतो.

परिघाच्या दिवशी पॅनेलवर वर्तुळ फिरत होतं,
निळं, गुळगुळीत, उलगडून सरळ रेघ होत होतं,
पोरं बघत होती जाहिरात बघावी तशी.
तेवढ्यात लाइट गेली.
धीरज आवळेनं दप्तरातून बिडाची रिंग काढली,
बाप उद्यमनगरात फाउंड्रीवर, रिजेक्टचा माल.
कडेनं सुतळी गुंडाळली, सोडवली,
मग आरपार मांडत गेला.
"तीनदा बसतंय बाई, वर थोडं उरतंय.
मोठी रिंग घ्या, बारकी घ्या,
उरतंयच."
बावीस सप्तमांश मी तीस वर्षं लिहून दिले
आणि ते उरतं, हे मला
कुणी असं सांगितलं नव्हतं.

बघा, सुतळीच बरी, असं म्हणू नका.
पुढच्याच आठवड्यात त्याच काचेवर
आम्ही नकाशा मोठा करत गेलो,
पंचगंगेचा घाट, पूल, गल्ली,
आणि सृष्टी भोई, जूनपासून तोंड न उघडलेली,
उठून म्हणाली, ती निळी ताडपत्री आमची.
मग पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत,
म्हशीला कुणाच्या गच्चीवर चढवलं,
ती उतरायला कशी तयार नव्हती,
सांगत सुटली.
घंटा झाली तरी थांबेना.
कुठल्या सुतळीनं ओढून काढलं असतं हे?

वरून फॉर्म आलाय:
उपकरण उपयुक्त, अनुपयुक्त, एकावर खूण करा.
तिसरा चौकोन नाही.
पेन घेऊन बसलेय, शाळा सुटून तास झाला.
खिडकीतून तिरीप आत येते
आणि बंद, काळ्या काचेवर बोटं दिसायला लागतात,
भडंगाची, तेलकट, शेकड्यांनी,
सगळी एका उंचीपर्यंत, हात पुरतो तिथवर.
एकच ठसा फार वर.
बाकावर कोण चढलं होतं मला ठाऊक आहे.

सूचना आहे: रोज मऊ फडक्याने पुसावे.
दगडूमामा फडकं घेऊन दारात उभे.
म्हटलं, मामा, असू द्या आज. उद्या पुसा.
ते म्हणाले, कालबी तसंच म्हणालासा.